मामांच्या हातचं ऑईल

डेअरीच्या गेटातच स्टेअरिंगम्होरचा तो पिवळा दिवा परत लागला आन माझं डोस्कं फिरलं. लागायचं तर वाटेत कुठंतरी लाग की मेल्या! सुपरवायझर समोर उभा, नजर मनगटावरच्या घड्याळावर, आन ह्यो दिवा माझ्या तोंडासमोर उजेड पाडतोय. पाय दाबला तरी गाडी उचलेना. कशीबशी रेटत धक्क्याला लावली.

"वर्षाराणीबाई," सुपरवायझर म्हणाला, "आणखी एकदा दूध उशिरा आलं की हा रूट विश्वजितच्या गाडीला द्यायचा, असं वरनं सांगितलंय. मग माझ्यावर राग काढायचा नाही."

विश्वजित पलीकडच्या गावचा. त्याची गाडी रोज डेअरीच्या भिंतीला लागून उभी असती, माझं कवा बिनसतंय बघत. माणूस वाईट न्हाय, पण मला बघून हसतो, आन ते मला खपत न्हाय.

ह्यो रूट गेला तर माझं काय जातंय ते सांगते. कागलपासनं आत आमचं गाव. पहाटं निघायचं, वाटेवरच्या दूध संस्थांचे कॅन गाडीत भरायचे आन ऊन चढायच्या आत डेअरीत पोचवायचे. बाई दुधाची गाडी चालवती म्हटल्यावर पहिल्यांदा लोक दारात येऊन बघत होती. आता माझा हॉर्न ऐकला की "वैनी आल्या" म्हणून कॅन बाहेर निघतात. आमचे मालक, ज्ञानू, ट्रॅक्टरवर. उसाचा हंगाम लागला की बिद्रीच्या कारखान्याच्या वाटेवरच त्यांचं खाणं आन तिथंच झोपणं. त्यांची वाट बघत घरात बसून मी दिवस काढलेत, आन तसले दिवस मला परत नगं हायत. रूट गेला की गाडी विकायची, एवढं मालकांनी सांगूनच ठेवलंय.

गाडी मला शिकवली मामांनी. मामा म्हंजे माझे सासरे, गणपतराव. जन्मभर कारखान्याचा ट्रक चालवलेला माणूस. उसाच्या पाणंदीत मला स्टेअरिंगवर बसवायचे आन म्हणायचे, "क्लच हळू सोड. गाडी काय पळून जात न्हाय." पुढं त्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले चालवा खुशाल, लायसन बी नवं करून आणलं. पण मालकांनी चावी काय हातात दिली न्हाय. "आता बसा की निवांत," म्हणायचे. मामा निवांत बसायचे, सोप्यात, रस्त्याकडं तोंड करून.

दूध उतरवलं आन तशीच तणतणत फरहानच्या गॅरेजला गेले. कागलात हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. तोंडानं फटकळ, माझ्याहून बी. आमचं भांडण लागलं की शेजारचा चहावाला स्टोव्ह बारीक करून ऐकत बसतो.

"फरहान, परत दिवा लागला! जाळी साफ केलीस का नुसता फडका मारलास रं?"

"वैनी, आधी बॉनेट उघडा, मग तोंड उघडा," तो म्हणाला.

जाळीचं असं हाय. ह्या नव्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत धुराची जाळी असती, डीपीएफ म्हणतात तिला. धुरातली काजळी तिथं अडकती. गाडी लांब आन एकसारखी पळाली की जाळी तापती, काजळी जळून जाती. पण इंजिनात भलतं ऑईल असलं तर त्याची राख हुती, आन राख काय जळत न्हाय. ती तिथंच बसती आन जाळी तुंबती. पहिल्यांदा दिवा लागला तवा फरहाननं मला हे सगळं गाडीखाली बसवून दाखवलेलं. जाळी काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं साफ करून आणली, कमी राखेचं ऑईल घातलं आन बजावलं, "दुसरं कसलं बी ऑईल हिच्या तोंडाला लावायचं न्हाय." मी म्हटलं, बरं बाबा.

आता त्यानं डिप, म्हंजे ऑईल मोजायची पट्टी, बाहेर काढला, पुसला, परत घातला, परत काढला. आन माझ्याकडं बघायला लागला.

"ऑईल कमी हुतंय म्हणायचं तर हे वाढलंय. खुणंच्या बोटभर वर. काय वतलासा?"

"मी? मी काय खुळी हाय?"

त्यानं डिपचा वास घेतला. "डिझेल मिसळलं तरी पातळी वाढती. पण डिझेलचा वास न्हाय. कुणीतरी वरनं घालतंय वैनी. लई ऑईल झालं की इंजिन ते जाळतंय, आन सगळी घाण जाळीत जाऊन बसती."

"माझ्या गाडीला माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाय."

"मग भूत वततंय."

"तुझंच असंल भूत!" म्हणून मी गाडीत बसले.

"उद्या दूध टाकून गाडी हितं आणा," तो मागनं ओरडला. "पण आधी ते भूत धरा. न्हायतर मी जाळी धुऊन धुऊन म्हातारा व्हायचो!"

घरी आले तर आत्तींचा वेगळाच दंगा. आत्ती म्हंजे सासूबाई, बनाबाई. परड्यात पाणी तापवायचा बंब हाय, त्याच्याजवळचा त्यांचा जर्मनचा चंबू लई दिवसांपासनं गायब. "कुणी मेल्यानं नेला माझा चंबू? त्याला काय हिरं लावलं होतं?" असं रोज चाललेलं. मामा सोप्यात पेपर वाचत होते. चंबूचं नाव निघालं तसा त्यांनी पेपर तोंडासमोर जरा वर घेतला. मी माझ्याच तंद्रीत, मला त्यात काय वाटलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यापेक्षा वाईच लवकर उठले. बाहेर आले तर गाडीचं बॉनेट उघडं, आन आत वाकलेले मामा.

आमच्या गोठ्याशेजारी ऑईलचा ड्रम असतो. आमच्याकडं रीतच हाय ती. हंगामाच्या तोंडाला ट्रॅक्टरसाठी म्हणून ड्रम आणायचा, आन मग मळ्यातलं इंजिन, फटफटी, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्याला तेच. आन वतणार कोण, तर घरातला थोरला. दुसऱ्या कुणी ड्रमला हात लावायचा न्हाय. मामांनी डिप खांद्यावरच्या टॉवेलला पुसला, बॅटरीच्या उजेडात डोळ्याजवळ धरून बघितला, आन आत्तींच्या चंबूतनं सावकाश ऑईल वतलं. एक थेंब बाहेर सांडला न्हाय. मग बॉनेट बंद करून त्यावर हात ठेवला आन गाडीलाच म्हणाले, "नीट जा गं बाई. लेकरू एकटं असतंय."

ते मी कानानं ऐकलं. ऐकून बी माझ्या तोंडाला लगाम ऱ्हायला न्हाय.

"मामा! काय करताय हे?"

ते दचकले. "वाईच कमी दिसलं गं. आमचा ट्रक ऑईल प्यायचा. खुणंच्या वर बोटभर ठेवलं की वाटेत दगा न्हाय. तू पहाटंची एकटी जातीस, कुठं माळावर बंद पडली तर..."

"हिला तुमचा ट्रक समजलाय व्हय? ती बंद पडती ते तुमच्या ह्या चंबूनंच! माझा रूट चाललाय तुमच्यामुळं. आजपासनं माझ्या गाडीला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते!"

मामांनी चंबू ड्रमवर ठेवला, टॉवेलला हात पुसला आन आत गेले. मी दार आपटून गाडी काढली.

त्या दिवशी गाडीनं माझी परीक्षाच बघितली. दिवा लागलेला, जोर न्हाय, चढ आला की गाडी धापा टाकतीया. शेवटच्या संस्थेपुढच्या चढाला तर थांबायलाच लागली. तिथली माणसं कॅन घेऊन धावत खाली आली, भरून झाल्यावर मागनं ढकललं, तवा कुठं चढ सरला. डेअरीच्या गेटात शिरले तर सुपरवायझर घड्याळाकडं बघतोय. वेळेत होते, पण अगदी काठावर. आन विश्वजित आज हसला न्हाय. "वैनी, गाडीचं बघा लवकर," एवढंच म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं, इतकं मला वाईट वाटलं.

फरहानला भूत सापडल्याचं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला आन मग म्हणाला, "वैनी, चाचांनाच घेऊन या. मी किती बी ऑईल बदलीन, माणसाला पटलं न्हाय तर त्याचा हात परत ड्रमाकडं जाणार. जाळी मी सांच्यापतोर साफ करून आणतो. माझ्याकडचं ऑईल संपलंय, ते तुम्ही दोघं दुकानातनं आणा. डब्यावर फाईव्ह डब्ल्यू थर्टी बघा, आन पाठीमागं सी थ्री. सी थ्री म्हंजे कमी राखेचं, ते असलंच पायजे."

वडापच्या जीपनं घरी आले. सोप्यात मामा रस्त्याकडं पाठ करून बसलेले. शेजारी चहाचा कप, साय धरलेला. मला बघून उठले बी न्हाईत.

परड्यात आत्ती बंबातली राख ओढत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "चंबू घावला माझा. खुश हाईस न्हवं?"

"आत्ती, मी काय मुद्दाम..."

"तुझ्या हातात त्यांनी स्टेअरिंग दिलं, तवा गाव काय काय बोललं ठावं हाय तुला? सुनंला रस्त्यावर काढली म्हणाले. एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलं त्यांनी. आन तू त्यांना गाडीला हात लावू नगा म्हणतीस?"

मला राग आला. "मग करू काय मी? त्या ड्रमातल्या ऑईलची राख हुती, ती जाळीत बसती, गाडी मरती! रूट गेला की मी परत हितं ह्या बंबापुढं! तुम्हाला चालंल, मला न्हाय चालायचं!"

"ऑईलाची कुठनं राख हुती गं? कायतरीच."

"हुती! इंजिनात जळलं की मागं उरती. ह्या बंबात उरती तशी!"

मागनं आवाज आला. "राख उरती?"

मामा दारात उभे होते. सावकाश येऊन बंबापुढं उकिडवे बसले आन आत वाकून बघितलं.

"ही काढली न्हाय तर काय हुतंय?" त्यांनी आत्तींना विचारलं.

"काय हुणार? धूर घरभर. जन्म गेला ही राख ओढण्यात, आन आज इचारताय व्हय?"

"आन काजळी?" हे त्यांनी मला विचारलं.

"काजळी जळून जाती मामा. गाडी लांब पळाली की जळती. राख जळत न्हाय. ट्रॅक्टरला, ट्रकाला जाळीच न्हवती, म्हणून तिथं ते ऑईल चालायचं. ऑईल वाईट न्हाय तुमचं. ह्या गाडीचं न्हाय, एवढंच."

मामांनी चिमटभर राख बोटांत चोळून बघितली. मग म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच न्हाय गं पोरी."

खरंच की! गाडी मी चालवते, फरहान दुरुस्त करतो, पैशाचं मालक बघतात. ज्यानं मला गाडी शिकवली त्याला ह्या गाडीतलं अक्षर कुणी सांगितलं न्हवतं. "चुकलं माझं मामा," मी म्हटलं. "चला कागलला. ऑईल तुम्हीच घ्यायचं."

वडापात त्यांनी मला प्रश्न विचारून हैराण केलं. जाळी कुठं असती, किती तापती, दिवा कवा लागतो, फरहाननं नंबर काय सांगितला, सी म्हंजे इंग्रजीतला सी का, तीन आकड्यात का अक्षरात. ड्रायव्हर बी मागं वळून ऐकायला लागला तवा मामाच त्याला म्हणाले, "पावणं, तुम्ही म्होरं बघा."

ऑईलच्या दुकानात गर्दी. दुकानदारानं माझी गाडी विचारली आन फाडकन डबा काउंटरवर ठेवला. "हेच घ्या. नव्या गाड्यांना हेच चालतंय. वर बादली फुकट."

मी डबा बघितला. फाईव्ह डब्ल्यू थर्टी, एवढं मोठं लिहिलेलं. फरहाननं मागं घातलेल्या ऑईलच्या डब्याचा रंग बी असलाच होता. "हेच की. द्या," म्हटलं आन पर्स उघडली.

मामांनी डबा हातात घेतला, फिरवला. पाठीमागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आले. चष्मा न्हाय, काय न्हाय.

"पोरी, थांब. ह्याच्यावर सी थ्री न्हाय."

"आजोबा, दोन्ही एकच असतंय," दुकानदार म्हणाला.

"एकच असतंय तर कंपनीनं दोन डबे कशाला काढले? वरच्या फळीवरचा द्या बघू." वरचा डबा आला. रंग तोच, नंबर तोच. मामांनी पाठ फिरवली, बोट खाली आणलं आन थांबवलं. "हितं हाय. सी, आन म्होरं तीन. ह्यो घे."

आई शप्पत सांगते, मला घाम फुटला. त्यांना चार घरांत ऐकू जाईल असं बोलले होते मी, आन आता माझ्याच हातानं भलता डबा घेऊन निघाले होते. वर बादली मिळाली म्हणून खुश!

"बादली ह्याच्यावर न्हाय," दुकानदार म्हणाला.

"राहू दे तुमच्याकडंच," मामा म्हणाले. "घरात चंबू हाय."

फरहाननं जाळी बसवून ठेवली होती, जुनं ऑईल काढून टाकलं होतं. नव्या ऑईलचा थेंब मामांनी अंगठ्यावर घेऊन चोळला. "पाण्यागत हाय रं."

"चाचा, दाट-पातळ बघून भागत न्हाय हितं. दुकानातल्या दोन्ही डब्यांचं पातळपण एकच होतं न्हवं? राख किती सोडतंय, ते बघायचं." आन त्यानं डबा त्यांच्याच हातात दिला. "वता तुम्ही."

मामांनी वतलं. मधी थांबले, जरा दम धरला, डिप बघितला, परत वाईच वतलं. डिप खुणंवर आला तसं त्यांनी फरहानकडं बघितलं. "बोटभर वर न्हाय?"

"केसभर बी न्हाय."

"बरं," म्हणून त्यांनी टोपण लावलं.

गाडी चालू केली. आवाज गोड, पण दिवा तसाच. माझा धीरच सुटला. फरहान म्हणाला, "घाबरू नगा. आता हायवेला घ्या, कोल्हापूरच्या अंगाला. एकसारखी पळवा, मधी बंद करायची न्हाय. तुमची गाडी रोज संस्थेसंस्थेला थांबती, तिला लांब पळायला मिळतच न्हाय. चार-आठ दिवसांनी अशी एक चक्कर मारत जा."

"दूध टाकून आल्यावर मला कुठली सवड रं?" मी म्हटलं. आन म्हणता म्हणता माझं लक्ष मामांकडं गेलं. ते गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभे होते, शेजारच्या सीटवर बसायला.

मी चावी त्यांच्यापुढं धरली. "मामा, तुम्ही घ्या."

ते चावीकडं बघतच ऱ्हायले. "ज्ञानू?"

"ज्ञानूला मी बघते की."

त्यांनी सीट मागं घेतली, आरसा हलवला, खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "क्लच हळू सोडा. गाडी काय पळून जात न्हाय."

मामा एवढ्या मोठ्यानं हसले की फरहान चमकून बघायला लागला.

हायवेला लागलो आन मामा सीटला टेकून बसले. गाडी एका लयीत चालली होती, ना गचका, ना घाई. दोन्ही बाजूला तोडलेल्या उसाचं रान, ऊन उतरलेलं. मी रस्ता बघतच न्हवते, माझे डोळे त्या दिव्यावर. जा की. जा की रं. मनातल्या मनात त्याच्या पाया पडून झालं, त्याला शिव्या देऊन झालं. आन एकदम, माझी पापणी लवली तेवढ्यात, तिथं काय न्हवतं.

"गेला गं!" मामा ओरडले. "गेला बघ!"

माझ्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं आन मी ते पुसलं बी न्हाय. मामांनी गाडी थांबवली न्हाय. फरहाननं सांगितलं होतं ना, थांबवायची न्हाय.

आता ड्रमवर मामांनी चुन्यानं ट्रॅक्टर असं लिहून ठेवलंय, मोठ्या अक्षरात. चंबू त्यांनी घासून पुसून आत्तींना परत दिला, तर आत्ती म्हणाल्या, "ऑईलाच्या चंबूनं आंघोळ करू व्हय मी?" आन नवा आणायला लावला. मालक बिद्रीवरनं आले तवा चावीवरनं आमचं जोरात वाजलं. मामांनी दुसऱ्या दिवशी त्यांना शेजारी बसवून हायवेची चक्कर मारून आणलं, तवापासनं गप हायत. दिवा परत लागलेला न्हाय. विश्वजितनं गाडी दुसऱ्या रूटला लावली, आन परवा तोच मला विचारत होता, ऑईल कुठलं घालता वैनी. म्हटलं, मामांना विचार.

आज पहाटं बाहेर आले तर बॉनेट उघडं होतं. मामांनी डिप टॉवेलला पुसला, उजेडात धरला, परत खुपसला. हातात चंबू न्हाय, काय न्हाय.

"किती हाय मामा?"

"खुणंवर. जा तू." त्यांनी बॉनेट बंद केलं, त्यावर हात ठेवला आन सवयीनं पुटपुटायला लागले, "नीट जा गं बाई, लेकरू एकटं..."

"एकटी कुठं हाय मी?" मी म्हटलं, आन गाडी चालू केली.